नवा पट्टा

तुर्भ्यातल्या आमच्या शेडमध्ये छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्तीला येतात. तिथला एक नियम मी घरातही चालवला: ज्यानं लावलं, त्यानं तपासायचं नाही. गॅसचा सिलिंडर मी लावायचा आणि साबणाचा फेस लावून गळती लेकीनं बघायची, अगदी ती शाळेत जायला लागल्यापासून. बायको म्हणायची, तुमचं हे सरकारी खातं माझ्या ओट्यापासून लांब ठेवा.

तीच लेक वैमानिक व्हायला निघाली आणि ज्या विमानातून ती पहिल्यांदा एकटी उडणार होती, त्याचंच इंजिन नेमकं आमच्याकडे आलं. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा नवा पट्टा मीच चढवला. हा पट्टा विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मागून जातो, त्यामुळे बदलायचा तर आधी पंखा उतरवावा लागतो. शिवाय नवा पट्टा चालला की ताणून थोडा सैल पडतो. म्हणून इंजिन चालवून बघितलं आणि तो पुन्हा आवळला. अंगठ्यानं दाबला, बरोबर होता.

डबा उघडला आणि तसाच बंद केला. परत जाऊन दाबला तर सैल वाटला. जरासा आवळला. चहा अर्धा टाकून पुन्हा गेलो, पुन्हा आवळला. पट्टा तुटला तरी इंजिन बंद पडत नाही, वीज तेवढी जाते, हे मी इतरांना शिकवतो. पण बॅटरी उतरली की रेडिओ मुका होणार, आणि वर ती एकटी. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

तपासणी माझ्या जोडीदाराकडे. उरणकडचा, माझ्याइतकाच जुना इंजिनिअर आणि जिभेला हाड नसलेला. त्यानं पट्टा दाबला, माझ्याकडे बघितलं आणि पान्यासाठी हात पुढे केला.

"इतका आवळून अल्टरनेटरचं बेअरिंग खायला निघालास काय?" तो म्हणाला. "तू घरी जा. वहिनीचं डोकं खा."

त्यानं बोल्ट ढिला केला, पट्टा पुन्हा बसवला आणि बोल्टला तार बांधून टाकली, म्हणजे मला परत हात लावता येऊ नये.

उड्डाणाच्या दिवशी रजा घेतली, तीच चूक झाली. आमच्या द्रोणागिरीच्या फ्लॅटमध्ये फिरून फिरून फिरणार किती? बायकोनं मेथी निवडायला दिली. मी काड्या टोपलीत ठेवल्या आणि पानं कचऱ्यात टाकली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. विमानाभोवती फेरी मारून झाली, पुढच्या फटीतून हात घालून पट्टाही दाबून बघितला, ठीक आहे, निघतेय, म्हणाली. मी विचारत सुटलो, किती दबला, कुठं दाबलास, अंगठ्यानंच ना?

"बाबा, पट्टा तू लावलायस ना?" ती शांतपणे म्हणाली. "मग तू तपासायचं नाहीस."

फोन बंद झाला. ती उतरल्याचा फोन येईपर्यंत मी कचऱ्यातली पानं एकेक करून वेचत होतो.