नो-गो टोकाचं कुंकू

आमच्या कारखान्यात मला माझ्या माघारी 'नापास बाई' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत फेज टूमधला एक गाळा, त्यात सहा लेथ मशीन आणि दाराशी माझं टेबल. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब माझ्या हातून तपासून जायचा. पोरं लाडीगोडी लावायची, "मॅडम, एवढ्याशाने काय होतंय, जाऊ द्या ना." मी म्हणायचे, "मग तूच घरी घेऊन जा, शोकेसमध्ये ठेव." बोलायला मी फटकळच आहे. घरीही तेच सांगतील.

त्या वर्षी आमच्याकडे एका बुशाचं काम आलेलं. बुश म्हणजे आरपार भोक असलेली पोलादाची जाड बांगडी म्हणा. ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीचं काम, ड्रॉइंगवर नुसता नंबर. आमचे मालक इथलेच, गाळा जिथे उभा आहे तिथे पूर्वी त्यांच्या आजोबांची भातशेती होती. हा बुश कशाचा, असं त्यांना विचारलं तर म्हणाले, "पंपाचा असंल, बाय. आपल्याला काय?" मीही पंपाचाच धरून चालले.

बुशाचं भोक तपासायला एक प्लग गेज असतं. हाताच्या वितीएवढी दांडी, दोन्ही टोकांना घासून गुळगुळीत केलेले गोल. एक टोक भोकात सहज गेलं पाहिजे. दुसरं टोक केसभर जाड, त्याला नो-गो म्हणतात, ते जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं झालं, बुश नापास. गडबड होऊ नये म्हणून नो-गोच्या बाजूला लाल पट्टी रंगवलेली असते.

खंडेनवमीला आम्ही मशीन पुसून झेंडूचे हार घालतो आणि हत्यारांची पूजा करतो. माझ्या टेबलाची पूजा मीच करते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशीही मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज सगळं पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. गेजच्या दोन्ही टोकांना एकेक बोट लावलं. दसऱ्यानंतर काम सुरू करताना बाकी सगळं नीट पुसलं, पूजेची एक तरी खूण राहावी म्हणून गेजचं मात्र पुसलं नाही. सासूबाईंची शिकवण, पूजेचं कुंकू आपण पुसायचं नसतं, ते वापरता वापरता आपोआप जातं. एरवी केसाएवढ्या फरकावरून पोरांना धारेवर धरणारी मी, तिथे मात्र डोकं गहाण टाकलं.

दहा-बारा दिवसांनी ठाण्याच्या कंपनीतून एक तरुण इंजिनियर आला. वर्तकनगरला राहणारा, हसतमुख, आम्हा सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्याने सगळ्यांना मालकांच्या केबिनमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप उघडला. म्हणाला, "तुम्ही काय बनवता ते तुम्हाला माहीत पाहिजे. म्हणजे काम आणखी चांगलं होतं."

स्क्रीनवर एक जेट विमान होतं. जमिनीवर मारा करणारं. दुसऱ्या विमानांशी लढणं हे त्याचं कामच नाही, खाली येऊन रणगाडे, पूल, ठाणी उडवायची, एवढ्यासाठीच ते बनवलंय, असं तो म्हणाला. मूळ विमान जुनं, त्याचे पंख मजबूत करून, जास्त वजन उचलेल असं ते नव्याने घडवलेलं. पंखाखाली बॉम्ब ज्या आकड्याला लटकतो, तो आकडा चाचण्यांमध्ये अडकायचा. बटण दाबलं तरी सुटायचा नाही. मग त्याच्या आत नवा बुश बसवला.

"तो हा," म्हणून त्याने आमचा बुश तळहातावर धरला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, छाती फुगली होती माझी. मग त्याने दुसरी फिल्म लावली, म्हणाला ही खऱ्या लढाईतली आहे, नेटवर कुणालाही बघता येते. कुठला देश ते त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वरून घेतलेलं काळं-पांढरं चित्र. एक कौलारू घर, अंगण, बाजूला ट्रक. आवाज काहीच नाही. घरातून एक पांढरा ठिपका बाहेर आला, ट्रककडे निघाला, मध्येच थांबला आणि काही विसरल्यासारखा परत घराकडे वळला. तेवढ्यात सगळं पांढरं झालं. पांढरं विरलं तेव्हा घर नव्हतं.

टाळ्या पुन्हा वाजल्या. माझे हात मांडीवरून उठेनात. इतके महिने मी हे पंपाचं काम समजून करत होते. सकाळी डबा भरून, कुकरच्या शिट्ट्या मोजून, इथे येऊन मी हे करत होते.

इंजिनियर पुढे बोलतच होता. "म्हणून भोकाला एवढं महत्त्व. ते थोडं जरी सैल असलं तर आकडा तिरका होतो, बॉम्ब अर्धवट लटकतो. तसाच घेऊन पायलटला उतरावं लागतं. उतरताना सुटला तर पायलट गेलाच."

मी टेबलाशी आले. उगाच, हाताला चाळा म्हणून गेज उचललं. भोकात जाणारं टोक लखलखीत होतं, रोज शेकडो बुशांतून जाऊन त्याचं कुंकू कधीच गेलं होतं. नो-गो टोक भोकात जातच नाही. त्याचं कुंकू मशीनच्या तेलात कालवून तसंच बसलं होतं, पातळ सायीसारखं. लाल पट्टीशेजारचं लाल, माझ्या नजरेत आलंच नव्हतं. टोक त्या सायीपुरतं जाड झालं होतं, म्हणजे मोठ्या भोकातही ते जाणार नव्हतं. दसऱ्यापासूनचे सैल बुश मीच पास केले होते. दोन खेपा ठाण्याला पोचल्याही होत्या.

मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. ते घाबरे झाले. "बाय, आता नको बोलू. त्याला जेवून तरी जाऊ दे."

गप्प बसले तर कुणाचा तरी मुलगा विमानासकट जाणार होता. बोलले तर आकडा बिनचूक सुटणार होता. तो ठिपका परत वळलेला मला दिसत होता, आणि तरी मी केबिनमध्ये गेले आणि इंजिनियरच्या हातात गेज दिलं.

दोन्ही खेपा परत आल्या. पुसलेल्या गेजने मी एकूण एक बुश तपासला, अकरा नापास निघाले. त्यांच्या जागी नवे बनवले, ते इतके अचूक की त्या तोडीचं काम आमच्या गाळ्यात आधी झालं नव्हतं. इंजिनियर म्हणाला, "ताई, तुम्ही एक विमान वाचवलंत." मालकांनी पेढे आणले. माझा पेढा मी कागदात बांधून घरी आणला.

नोकरी मी सोडली नाही, खोटं कशाला सांगू. बुशाचं काम वर्षभर चाललं.

त्या दिवशी पेढा बघून सासूबाईंनी विचारलं, कसला गं? मी कुंकवाची गोष्ट सांगितली, विमानाची सांगितली, फिल्मची नाही. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं म्हणायचं. त्या कुंकवानं कुणाचं वाईट तर नाही ना झालं?"

"नाही हो आई. वेळेत पुसलं मी," असं म्हणून मी आत पाणी प्यायला गेले.

कुंकवानं कुणाचंही वाईट झालं नाही, हे अगदी खरं आहे. पुसल्यानं कुणाचं झालं, ते मला कुणी कळवणार नाही.