नोझलच्या तोंडाशी

मार्गशीर्षातलं धुकं सरावलीच्या चाळींवरून अजून हललं नव्हतं. त्यात कारखान्यांचा वास मिसळून घसा खवखवत होता. मफलर गुंडाळून नवसी पहिल्या पाळीला पोचली. डोंगराकडच्या पाड्यावरची ती. पावसात नाचणी लावायची, थंडीत बोईसरला कापडाच्या कारखान्यात यायची. सकाळचं काम ठरलेलं. कॉम्प्रेसरच्या पाइपाला जोडलेली हवेची बंदूक हुकावरनं काढायची आणि मागांवर साचलेला कापसाचा भुगा उडवायचा.

वीतभर लांबून खटका दाबला की हवा पसरून मऊ व्हायची. हातावर घेतली तर नुसता गार वारा. म्हणून बायकांना तिची भीती राहिली नव्हती. पाळी सुटताना त्या बंदुकीनं एकमेकींची पाठ झाडायच्या. नाहीतर कापसानं भरलेल्या कपड्यांनी रिक्षात शेजारी कुणी बसू देत नसे. अंगावर हवा मारायला बंदी होती, पण सुपरवायझर विनोद काणाडोळा करायचा.

"नवसी, बघ गो, चिरेत कापूस बसलाय," किनाऱ्यावरच्या दांडी गावची दीपिका बोट पुढं करत म्हणाली. काल मासळी करताना तिला विळी लागली होती.

"थुंकी लाव."

"कोळणीला औषध शिकवतंस? मार जरा हवा!"

हसत हसत नवसीनं नोझलचं तोंड जखमेला टेकवलं आणि खटका दाबला.

नेहमीचा फुस्स आवाज आलाच नाही. दीपिका किंचाळली. बघता बघता बोट फुगलं, मग पंजा. नवसीनं दाबून पाहिलं, तर कातडीखाली वाळका पाला चुरडावा तसं वाजलं. हवेला पसरायला जागाच मिळाली नव्हती. पाइपात कोंडली होती तेवढ्याच जोरानं ती चिरेतनं आत शिरली होती.

विनोद धावत आला. हात बघून त्याचा चेहरा उतरला. "गांधीलमाशी चावली म्हणायचं. हवेचं नाव काढलंस नवसी, तर तू घरी आणि मीपण घरी."

दवाखान्यात डॉक्टरांनी हात उलटसुलट केला. "डंख कुठाय?"

विनोद खोकला. दीपिका नुसती रडत होती. सूज मनगटापर्यंत आली होती. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले. पाड्यावर परत जाऊन खायचं काय, हे नवसीच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. तरी तोंडातनं निघालंच, "माशी नाय, डाक्टर. मी केला. हवेची बंदूक टेकवली चिरेवर."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. रागावले नाहीत. सूज संपत होती तिथं त्यांनी निळ्या पेनानं रेघ ओढली. "हवेबरोबर घाणही आत जाते. हिला पालघरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. सूज रेघेच्या वर गेली तर लगेच सांगायचं."

"उद्यापासनं येऊ नको," विनोद दारात एवढंच म्हणाला.

पालघरला नवसी दुपारभर त्या रेघेकडं बघत बसली. सूज रेघेपाशी थांबली होती. उतरत मात्र नव्हती.

"फुगा केलास गो माझा," दीपिका डोळे मिटूनच म्हणाली. नवसीला हसायला आलं नाही. दीपिकाची सासू आल्यावर नवसी उठली.

सरावलीच्या चाळीतल्या खोलीवर येऊन तिनं सूप घेतलं, तांदूळ निवडायला बसली. वाकताच केसांतला कापूस तांदळावर पडला. आज तिची पाठ कुणी झाडली नव्हती. एकेक तंतू चिमटीत धरून ती बाजूला काढू लागली.