ताटात ठेवा, भरवू नका

माझी लेक पाच वर्षांची होईपर्यंत दहीभात, दूध आणि बिस्किटं यांवरच जगली. ताटात भाजी दिसली तरी ताट ढकलून द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "लई लाड करून राहिलीस. एक दिवस उपाशी ठेव, खाती का न्हाई बघ." तेही करून झालं. तिनं खाल्लं नाही, आजारी मात्र पडली.

शेवटी डॉक्टरांनी नांदेडला ऑक्युपेशनल थेरपीसाठी पाठवलं. दर आठवड्याला लोह्याहून एसटीनं जायचं. तिथल्या मॅडमनी सांगितलं, हा हट्ट नाही. लिबलिबीत काही हाताला, जिभेला लागलं की तिला खरंच सहन होत नाही. आधी खेळू द्या, वास घेऊ द्या. ताटात ठेवा, भरवू नका.

मग दुपारी मी तिच्याबरोबर कोरड्या तांदळात हात घालून बसायची. पुढं भिजवलेलं पीठ, मग कुस्करलेला बटाटा. नवरा मित्रांना सांगायचा, "जेवायची शिकवणी लावलीय." ते हसायचे. मी आतल्या आत धुमसायची. कितीतरी महिन्यांनी लेकीनं वांग्याची फोड उचलून ओठाला लावली आणि खाली ठेवली. मला रडू फुटलं. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर रेणापूरला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. मी पंगतीतून पाणी आणायला उठले, तेवढ्यात नणंदेनं लेकीचे गाल दाबून भाजीचा घास तोंडात कोंबला. परत आले तर पोर भडाभडा ओकत होती आणि नणंद पदर झटकत म्हणत होती, "नुस्ती नाटकं हैत."

"ताई, पुन्हा तिच्या तोंडाला हात लावायचा नाही."

पंगतीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवरा पुटपुटला, "चारचौघांत असं बोलतात का?" पोर ओकली त्याचं कुणालाच काही नव्हतं, मी बोलले त्याचं होतं.

लेक मग दहीभात पाहूनही तोंड मिटून घ्यायला लागली. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा तांदळापासून सुरू करू." मला तांदळाचा डबा भिरकावून द्यावासा वाटला.

पुढच्या वेळी नवऱ्याला ओढूनच नेलं. तो तासभर मोबाईल बघत बसला. येताना म्हणाला, "कधी खाईल ही?" मला तरी कुठं माहीत होतं?

आता ती दहीभात पुन्हा खाते. वांगं समोर आलं की उठून जाते. परवा सासूबाईंनी विचारलं, "झालं का न्हाई अजून ते थेरपीचं?"

मी चप्पल घातली, लेकीचा हात धरला आणि नांदेडची एसटी धरायला स्टँडवर निघाले.