सोनकांबळ्यांच्या ओट्यावरची कचेरी

त्या उन्हाळ्यात सिंधू सोनकांबळेला सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न पडायचा, आज आपली कचेरी कुठं आहे? लातूरचा जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादहून टेबलं, कपाटं आणि फायलींचे गठ्ठे ट्रकमधून येत होते आणि जिथं जागा मिळेल तिथं उतरत होते. कुणाच्या भाड्याच्या माडीवर, कुणाच्या बंद पडलेल्या अडत दुकानात. सिंधू टायपिस्ट होती. पाडव्यापासून तिच्या मशीनची जागा तीनदा बदलली होती. एकदा ती डब्याची पिशवी घेऊन माडी चढून गेली, तर तिथं घरमालकाची सून केस विंचरत बसलेली.

"तुमचं हापीस काल सांजेलाच गेलं की," ती म्हणाली. "कुठं गेलं ते मला काय ठाव न्हाई."

नवरा नरसिंग टँकरच्या फेऱ्या लावायच्या कामावर होता. पावसानं दगा दिला होता, विहिरींनी तळ दाखवला होता, आणि गावागावांतून माणसं पाण्यासाठी खेटे घालत होती. तो उजाडायच्या आत सायकलवर टांग टाकायचा. दिवे लागल्यावर परतायचा तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले असत आणि बोलून बोलून घसा बसलेला असे.

दरवर्षी शाळेला सुटी लागली की पोरांची, मित्रा आणि मिलिंदची, रवानगी निलंग्याकडच्या गावी, आजीकडं व्हायची. सरजाबाई नातवंडांना दोन महिने सांभाळायची आणि काळीठिक्कर करून परत पाठवायची. यंदा तिनं एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला होता, "पोरं लावून देऊ नका. हीर आटली. म्या एकली कशीबी काढीन."

म्हणून पोरं घरी. मित्रा सातवीत जाणारी, मिलिंद चौथीत. सिंधूनं आधी मोठ्या हौसेनं बेत आखले. सकाळी पाढे, मग शुद्धलेखन, मग हापशावर घागरींचा नंबर, दुपारी झोप. कुरड्या घालायला शिकवीन म्हणाली होती, पण गव्हाच्या चिकाला पाणी कुठून आणायचं? दोन दिवसांत सगळं बारगळलं. मिलिंद दुपारभर उन्हात गोट्या खेळायचा, त्याच्या नाकातून रक्त आलं. शेजारच्या शांतम्माला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पण ती उदगीरकडची म्हातारी ओट्यावर चिंचा फोडत बसायची, आणि तिला ऐकायला कमी यायचं.

शेवटी सिंधूनं कचेरीतून रद्दीतले पाठकोरे कागद आणि झिजलेले कार्बन आणले. "हे घ्या. सावलीत बसा आणि काय खेळायचं ते खेळा," म्हणाली.

पोरांनी कचेरी मांडली. रॉकेलचा डबा पालथा घालून टेबल केलं. मिलिंदनं जुन्या चपलेच्या तळव्यातून शिक्का कापला. मित्रा साहेब आणि मिलिंद शिपाई. एकदा सिंधू घरात शिरायला लागली तर मिलिंदनं हात आडवा केला. "बाईसाहेब मीटिंगमध्ये हायत, बसा." सिंधूला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तिनं हे कचेरीत सगळ्यांना सांगितलं. मनातून तिला हायसं वाटलं होतं. पोरं घरात आहेत, सावलीत आहेत, आणखी काय पाहिजे?

मग एके दुपारी कचेरीतली वीज गेली, उकाड्यानं डोकं चढलं, म्हणून ती जेवायच्या सुटीत घरी आली. लांबूनच तिला दिसलं की ओट्यावर एक पोक्त बाई उभी आहे. हातात कापडी पिशवी, नऊवारी गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेली. ती डब्यामागं बसलेल्या मित्रावर ओरडत होती.

"मंगळवारी टँकर येतो म्हणली व्हतीस का न्हाई? सांग! समदं गाव भांडी घिऊन वाटंवर बसलं!"

सिंधू उंबऱ्याशी थबकली. क्षणभर तिला खरंच वाटलं, आपली कचेरी आज आपल्याच घरी आली की काय! ऊन डोक्यात गेलेलं, कुणाचं काय चाललंय ते कळेना. मिलिंद कोपऱ्यात शिक्का मुठीत धरून उभा होता. शांतम्मा चिंचा फोडायची थांबून म्हणाली, "अय्यो, ही तुझी पाहुणी न्हाई? मागच्या खेपेला मी तिला पाणी पाजलं की!"

"मागच्या खेपेला?" सिंधूनं विचारलं.

बाईंचं नाव केवळाबाई. गाव धनेवाडी, रेणापूरच्या पलीकडं, पार हद्दीवरचं. गावची विहीर आटून महिना झाला होता. टँकरसाठी गावानं तिला पाठवलं होतं, कारण ती कुणाला भीत नाही. गंजगोलाईत कुणीतरी सांगितलं, त्या गल्लीत हापीस आहे. तसं ते होतंही, सोनकांबळ्यांच्या दोन घरं पुढं. पण ते आठवड्याआधीच हललं होतं. ती गल्लीत शिरली तेव्हा तिला ओट्यावर कागद दिसले, शिक्का दिसला आणि मित्रा दिसली.

"अवो, पण ती लेकरू हाय," सिंधू म्हणाली. "खेळत होती."

केवळाबाई अशी वळली की सिंधू मागं सरली. "म्या काय येडी हाय का? लेकरू लेकरूच दिसलं मला. पर ती म्हणली, माझा बा टँकरवर हाय, सांजेला घरी येतो, म्या सांगते. तिचा बा टँकरवर हाय का न्हाई?"

"हाय."

"सांजेला घरी येतो का न्हाई?"

"येतो."

"मग?"

एकेक गोष्ट खरी होती, आणि सगळ्या मिळून काहीतरी भलतंच झालं होतं. तिनं मित्राकडं पाहिलं.

"मी बाबांना सांगितलं होतं आई. मंगळवारी टँकर पाठवा, असं मी म्हणाले. बाबा हो म्हणाले."

आता कुणाला बोलावं हे सिंधूला कळेना. तिनं मित्राला रागावलं नाही आणि जवळही घेतलं नाही. केवळाबाईला भाकरी आणि कांद्याचं कोरड्यास वाढलं. केवळाबाईनं पोटभर खाल्लं, पण राग काही सोडला नाही. मग सिंधू तिला घेऊन निघाली. म्हटलं, आपण तर आतलं माणूस, दाखवू हिला खरं टेबल.

पण खरं टेबल कुठलं? एका जागी सांगितलं, धनेवाडी आपल्याकडं आलंच नाही, ते जुन्या जिल्ह्यात राहिलं. दुसऱ्या जागी एक गृहस्थ म्हणाले, आलंय की, पण त्याचं पाणी अजून जुन्या जिल्ह्याचेच लोक बघतात. तिसऱ्या जागेला कुलूप होतं, आणि कुलपापाशी बसलेला माणूस स्वतःच वाट विचारत होता. सिंधू रोज हेच कागद टाइप करायची. आज केवळाबाईच्या शेजारी उभं राहून तिला वाटलं, आपल्यालाही या गावात कालच कुणीतरी आणून सोडलंय.

बसची वेळ झाली. गाडीत चढताना केवळाबाई एवढंच म्हणाली, "तुमाला बी ठाव न्हाई म्हणा की."

संध्याकाळी नरसिंग जेवायला बसला. सिंधूनं विचारलं, "अहो, मित्रानं तुम्हाला धनेवाडीचं कधी सांगितलं होतं?"

"कोणती धनेवाडी?"

"तुम्ही जेवत होता," मित्रा दारातून म्हणाली. "मी म्हणाले, बाबा, धनेवाडीला मंगळवारी टँकर पाठवाल का? तुम्ही म्हणाला, हाव बेटा, धाडतो."

नरसिंगचा घास हातातच राहिला. त्याला काहीच आठवत नव्हतं. दिवसभर तो हजार जणांना हाव म्हणायचा. घरी आला की पोरं काय बोलतात ते त्याच्या कानावरून जायचं आणि तोंडातून आपोआप हाव निघायचं. सिंधूला वाटलं होतं आपण त्याला चांगलं फैलावर घ्यावं. पण मिलिंदनं सकाळपासून काय काय सांगितलं, यातलं तिला तरी काय आठवत होतं? ती वरण वाढत राहिली.

"खेळ बंद करा म्हणावं," ती म्हणाली.

"खेळ कुठं व्हता त्यो," नरसिंग म्हणाला, आणि उठून हात धुतला.

पुढचे दोन-तीन दिवस तो आपलं काम सांभाळून धनेवाडीच्या मागं लागला. त्याच्या लक्षात आलं की नव्यांना वाटत होतं जुने पाणी देतात, आणि जुन्यांना वाटत होतं नवे देतात. म्हणून कुणीच देत नव्हतं. तो एका साहेबांच्या दारात ठाण मांडून बसला. साहेब म्हणाले, गाव कुणाचं ते मागाहून बघू, आधी एक फेरी करा.

मित्रा म्हणाली, मी येणार. सिंधूनं साफ नाही म्हटलं. ऊन बघ, डोळ्यांची साथ आलीय, कशाला जायचंय? नरसिंग म्हणाला, "येऊ दे. शबूद तिनं दिलाय." हे बरोबर की चूक ते सिंधूला ठरवता येईना, आणि तोवर पोरगी टँकरच्या केबिनमध्ये चढूनही बसली.

दिवसभर सिंधूनं जे जे टाइप केलं ते दोनदा करावं लागलं. सांजेला मित्रा आली ती चेहरा लालबुंद, केसात धूळ. पाणी विहिरीत सोडलं तेव्हा केवढा आवाज झाला ते सांगायला लागली, आणि सांगता सांगता भिंतीला टेकून झोपली.

"केवळाबाई काय म्हणाली?" सिंधूनं नरसिंगला विचारलं.

"काय न्हाई. आमच्याकडं बघितलं बी न्हाई तिनं. पाणी शेंदत व्हती."

सिंधू झोपलेल्या पोरीचे पाय चटईवर घेत बसली. मिलिंद तिच्या शेजारी येऊन काहीतरी सांगू लागला. ती सवयीनं हं म्हणाली, मग थांबली आणि त्याच्याकडं तोंड करून म्हणाली, "काय म्हणालास? परत सांग."