मेंढरांवरचा आळ

हौसरावांच्या गोठ्यात संकरित गाय आली, तेव्हा अख्खं गाव ती बघायला लोटलं होतं. सन एकोणीसशे नव्वद. घोडनदीच्या काठी, इनामगावच्या पलीकडचं ते गाव. हौसराव दूध डेअरीचे चेअरमन. गावात नवं काही यायचं तर ते आधी त्यांच्या दारात यायचं. पण सातव्या महिन्यात त्या गाईनं गाभ टाकला आणि मेलेलं वासरू अर्ध्यात अडकलं. शिरूरहून डॉक्टर येईपर्यंत गाय हातची जाईल, म्हणून हौसरावांनी तात्याबाला हाक मारली.

तात्याबा धनगर. त्याची शंभरेक मेंढरं त्या वेळी हौसरावांच्याच रानात बसली होती. रीत अशी होती, की शेतकऱ्यानं नारळ आणि पायलीभर बाजरी घेऊन धनगराकडे जायचं आणि ‘आमच्या रानात मेंढरं बसवा’ म्हणायचं. मेंढरं रानात मुक्कामाला बसायची, लेंड्यांनी रान कसदार व्हायचं आणि धनगराची भाकरी शेतकऱ्याच्या घरून यायची. अडलेली मेंढी सोडवण्यात तात्याबाचा हात हलका. त्यानं बाही सारली, खांद्यापर्यंत हात घातला आणि वासरू ओढून काढलं. गाय वाचली.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत हौसरावांच्या दोन म्हशी गाभडल्या. मग शेजारच्या गोठ्यातली गाय. बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली. 

“रोग मेंढरांनी आणला,” हौसराव म्हणाले. “तात्याबा, उचल भंडारा. पुन्यांदा शिवेच्या आत मेंढरू आणणार न्हाई म्हण.”

“आप्पा, आधी तुमची गाय गाभडली. तिच्यात हात घालणारा मीच व्हतो.”

“मला शिकवतोस व्हय? उचल म्हणतो ना!”

तात्याबानं भंडारा उचलून बिरोबाची शपथ घेतली. देवळाच्या पायरीवर त्याची पोरगी साधना उभी होती, शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली. तिनं हौसरावांचा चेहरा त्या दिवशी नीट बघून ठेवला.

तात्याबाचं बिऱ्हाड शिवेबाहेर गेलं आणि दोन वर्षांत कळप विकला गेला. देवळातली गोष्ट आसपासच्या गावांत पसरली होती. कुणी नारळ घेऊन येईना, आणि धनगराला रान मिळालं नाही तर त्यानं मेंढरं डोक्यावर ठेवायची का? त्यातच तात्याबाला ताप धरला. दिवस कलला की अंग तापायचं, घामानं मुंडासं भिजायचं, गुडघे सुजायचे. पंधरा दिवस बरं, पंधरा दिवस तसंच. लोक म्हणाले, पाप बाहेर पडतंय. हे शेवटचं वाक्य तानुबाईनं, साधनाच्या आईनं, पाणवठ्यावर ऐकलं आणि घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

तिसऱ्या वर्षाला असताना साधनाला एका पुस्तकात ब्रुसेला नावाचा जंतू भेटला. जनावरं गाभडतात. माणसाला चढउतार होणारा ताप येतो, घाम येतो, सांधे धरतात. तिनं ते पान तीनदा वाचलं. पुढं लिहिलं होतं, की या जंतूच्या जाती आहेत. मेंढ्या-शेळ्यांचा एक, गाई-म्हशींचा दुसरा.

आठ वर्षांची असताना आबांचं, म्हणजे तात्याबाचं, बोट धरून ती इनामगावची खोदाई बघायला गेली होती. तिथं एका चष्मेवाल्या मुलानं हजारो वर्षांचं हाड हातात घेऊन सहज सांगितलं होतं, “हे मेंढीचं. हे बैलाचं.” आबा परतताना सगळ्या वाटेनं तेच बोलत होते, “नुसत्या हाडावरनं वळखलं गं!” हाडावरनं ओळखता येतं, तर जंतूवरनंही येत असणार. तिला आता काय करायचं ते कळलं होतं.

ती पुण्याला गेली. एम.एस्सी. झाली, जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत चिकटली, तिथंच पीएच.डी.ला नाव घातलं. विषय शिरूर आणि दौंड तालुक्यांतला ब्रुसेला. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ती एसटीनं गोठ्यागोठ्यातून हिंडली. रक्तातल्या पाण्याचा थेंब काचेवर टाकायचा, शेजारी गुलाबी औषधाचा थेंब, काडीनं मिसळायचं आणि चार मिनिटं थांबायचं. कण जमले तर रोग. पण त्यातून जात कळत नाही. त्यासाठी जंतू जिवंत वाढवावा लागतो, आणि हा जंतू मोठा आळशी, शिवाय हाताळणाऱ्यालाच धरणारा.

तिच्या मार्गदर्शक मॅडमना सगळी हकिकत ठाऊक होती.

“साधना, वैर जंतूशी ठेव. माणसाशी नको.”

“दोघांशी ठेवते मॅडम. मला झेपेल.”

“आणि मेंढीचाच निघाला तर? मेंढीचा जंतू गाईत शिरू शकतो. गावाचं म्हणणं खरंही असेल.”

साधनालाही भीती याचीच होती. म्हणूनच तर दोन तालुक्यांतली शेकडो जनावरं तपासून झाली, तरी तिनं आबांचं रक्त घेतलं नव्हतं. प्रत्येक सुट्टीत सुई घेऊन घरी जायची आणि तशीच परत यायची.

शेवटी सत्त्याण्णव साली तापाच्या ऐन फेऱ्यात आबांनीच बाही वर सारली. “घे. न्हाईतरी किती दिस माझ्या हाताकडं बघत बसणार हायेस?”

तिनं रक्ताच्या दोन बाटल्या केल्या. एक साध्या हवेत ठेवली. दुसरी बंद बरणीत, आत जळती मेणबत्ती ठेवून, ती विझून हवा कोंदट होईल अशी. मेंढीच्या जंतूला साधी हवा चालते. गाईच्याला सुरुवातीला कोंदट हवाच लागते. रोज सकाळी ती आधी साध्या हवेतल्या बाटलीकडे बघायची आणि मगच बरणीकडे वळायची. नवव्या दिवशी बरणीतल्या बाटलीत मधाच्या थेंबांसारखे बारीक ठिपके दिसले. साधी बाटली स्वच्छ होती. मग शेवटची खूण. शिशाच्या क्षारात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी नळीच्या तोंडाशी लटकवायची; गाईचा असेल तर ती काळी पडते. दुसऱ्या दिवशी पट्टी तव्याच्या बुडासारखी काळी होती.

आबांवर मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी उपचार केले. सहा आठवडे गोळ्या. ताप गेला, गुडघे मात्र कायमचे गेले. साधनानं निकाल सांगितला तेव्हा म्हातारा म्हणाला, “मला म्हाईतच हाय. त्याला म्हाईत हाय का?”

ती कागद घेऊन डेअरीवर गेली. सकाळची वेळ, दूध घालायला माणसं आलेली. हौसरावांनी कागद उलटासुलटा करून बघितला.

“कुणाच्या रगतात सापडला म्हणालीस?”

“आबांच्या.”

“मग झालं की! ज्याच्या रगतात सापडला, त्याचाच जंतू. माझ्या दारात कशाला आणलास?”

माणसं हसली. कॅनवाला तर पोट धरून हसला. साधनानं कागदाची घडी घातली आणि घरी आली. ते वाक्य तिनं कुठं लिहून ठेवलं नाही. तशी गरजच नव्हती.

पाच वर्षं गेली. ती डॉक्टर साधना झाली. निबंध छापून आले, दिल्लीला एकदा व्याख्यानही झालं. लोक तिच्या चिकाटीचं कौतुक करायचे. ती चिकाटी कशाची होती, हे फक्त मॅडमना माहीत होतं. हौसरावांच्या गोठ्यात आता वीस जनावरं होती आणि त्यांचं दूध कारेगावच्या कामगारांच्या खोल्यांपर्यंत जायचं. तपासणीला तिनं दोनदा पत्र दिलं. दोन्ही वेळा निरोप आला, की आमची जनावरं ठणठणीत आहेत.

आणि दोन हजार दोन साली हौसरावांना ताप धरला. दिवस कलला की अंग तापायचं, घाम यायचा. दौंडला एका डॉक्टरनं टायफॉइड सांगितला, दुसऱ्यानं हिवताप, तिसऱ्यानं वात. सात महिन्यांनी शिरूरच्या एका तरुण डॉक्टरला शंका आली आणि त्यानं रक्त पुण्याला पाठवलं. बाटलीवरचं नाव साधनानं वाचलं. काचेवर थेंब टाकला. चार मिनिटं लागलीच नाहीत. काडी फिरवतानाच कण जमले.

फोन हाताशी होता. शिरूरच्या त्या डॉक्टरला औषधाचं एक वाक्य सांगायचं होतं. ती घड्याळाकडे बघत बसली. बारा मिनिटं. बारा वर्षांना बारा मिनिटं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि मग फोन फिरवला. त्या बारा मिनिटांचा तिला पुढं कधी पश्चात्ताप झाला नाही. पण फोन केला नसता तर आपण कोण झालो असतो, हे मात्र ती स्वतःला अधूनमधून विचारायची.

बाटल्या तिनं या वेळीही दोन केल्या. एक साध्या हवेत, एक बरणीत.

दोन महिन्यांनी डेअरीनं तिला रोगाची माहिती सांगायला बोलावलं. दूध उकळून प्या, गाभडलेल्या जनावराला उघड्या हातांनी शिवू नका, नवं जनावर तपासून आणा. सगळं सांगून झालं. हौसराव खुर्चीत बसले होते. अंगानं उतरले होते, पण आवाज तसाच होता.

“हे समदं ठीक हाय. पण माझ्या रगतात जो सापडला, तो कुठला, ते सांग की सगळ्यांदेखत. तुझ्या बापाच्या मेंढरांचाच असणार!”

“सांगू आप्पा? तुमच्याच तोंडानं परवानगी देताय.”

“सांग, सांग.”

साधनानं पर्समधून दोन पारदर्शक पाकिटं काढली. दोन्हीत एकेक काळी पट्टी. “ही आबांची, पाच वर्षांपूर्वीची. ही तुमची. मेंढीचा असता, तर पट्टी अशी काळी पडली नसती. हा गाईचा जंतू आहे. आबांना तुमच्या गाईतून लागला, तुमचं वासरू काढताना. आणि आप्पा, तुम्हीच म्हणाला होता, ज्याच्या रगतात सापडला त्याचाच जंतू.”

या वेळी कुणी हसलं नाही. कॅनवाला खाली बघत होता. हौसरावांचा मुलगा रविराज हळूच म्हणाला, “आप्पा, पुरं आता.”

“मग काय करू म्हणतीस?” हौसरावांनी विचारलं.

“रीत आहे ना. नारळ आणि बाजरी घेऊन आमच्या दारी या. मेंढरं बसवायला बोलवा.”

“तुझ्या बापाकडं मेंढरं हायेत कुठं?”

“ती का नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोलवा तर.”

सगळं गाव बघत होतं. मान हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसराव आले. नारळ ठेवला, बाजरी ठेवली आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “तात्याबा, आमच्या रानात मेंढरं बसवा.” ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं. तानुबाईनं बाजरी सुपात ओतून घेतली, एक दाणा सांडू दिला नाही.

तात्याबानं मुंडासं बांधलं, घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत तो शिवेच्या आत आला, हौसरावांच्या नांगरलेल्या रानात मधोमध घोंगडी अंथरली आणि बसला. एकटाच. बांधावर माणसं जमली. दुपारी हौसरावांना स्वतः भाकरी आणावी लागली. तात्याबानं ती सावकाश खाल्ली, पाणी प्यायला आणि तसाच बसून राहिला. हौसराव उन्हात उभे.

“तात्याबा, उठा की आता. लोक बघत्यात.”

“मेंढरं उठल्याबिगर धनगर उठत न्हाई, आप्पा.”

हौसराव त्या मोकळ्या रानाकडे बघत राहिले. मग बांधावर बसलेल्या साधनाकडे वळले. “पोरी, तू तरी सांग त्यांला.”

साधनानं घड्याळ बघितलं.

“थांबा की आप्पा. जंतू उगवायलाही नऊ दिवस लागले होते.”