काकांची खिडकी

अन्याय झाला तो आलेसियावर, आणि तो सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात झाला. त्या आठवड्यात बेलारूसच्या राष्ट्राध्यक्षांनी एक सही करून टाकली: परदेशातल्या वकिलाती यापुढे आपल्याच नागरिकांना पासपोर्ट देणार नाहीत, ज्याला नवा हवा असेल त्याने गुमान घरी यावं. घरी कोण वाट बघत बसलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आलेसिया तेव्हा इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, दातांच्या एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करत होती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ज्यांच्याबद्दल आता लिहिणार आहे त्या आमच्या समोरच्या काकांचं ठाम मत होतं की जगात अन्याय वगैरे काही नसतो; कागद अपुरे असतात.

पृथ्वीच्या पाठीवर असं एकही सरकार नाही, जे समोरच्या काकांपुढे तीन महिन्यांच्या वर टिकलं. नागपूर सोडून त्यांना तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत त्यांनी अख्ख्या कॉलनीचे पासपोर्ट, व्हिसा आणि ग्रीन कार्डं मार्गी लावली, आणि त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं. ते असं, की देश म्हणजे एक खिडकी. खिडकीमागे एक क्लार्क. क्लार्क सकाळी घरून भांडून आलेला असतो, त्याच्याशी गोड बोलायचं आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती पुढे सरकवायच्या. बस. काका बाथरोबच्या खिशातसुद्धा काळ्या शाईचं पेन ठेवतात. माणसाचा चेहरा त्यांना चेहरा म्हणून दिसतच नाही, दोन इंच बाय दोन इंच दिसतो. एका लग्नात स्टेजवर जाऊन नवरीला आशीर्वाद देताना म्हणाले, "केस मागे घे बेटा, कान दिसू देत. मग हाच फोटो अर्जाला पण चालेल." मी भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिते, मोर्चे काढते, म्हणून माझी त्यांना कीव येते. "पत्रकवाली, तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हं फार," असं ते मला दर भेटीत सांगतात. "क्लार्कला ओरडलेलं आवडत नाही." मी ज्याला हुकूमशहा म्हणते, त्याला काका क्लार्कच म्हणतात. फक्त जरा वरच्या ग्रेडचा.

आलेसिया त्यांचे दात साफ करायची. म्हणजे करायचा प्रयत्न करायची, कारण तोंडात आरसा, नळी आणि आकडा असतानाही काका बोलायचे थांबत नसत. ती मूळची बेलारूसची हे कळल्यावर त्यांनी कुणा मराठी मेडिकल स्टुडंटचे तिथले दोन व्हिडिओ पाहिले आणि त्या देशाचे तज्ज्ञ झाले. "काय स्वच्छ रस्ते आहेत गं! आणि तीस वर्षं एकच माणूस खुर्चीवर. याला म्हणतात स्थैर्य." मी म्हटलं, "काका, रस्ते स्वच्छ आहेत कारण रस्त्यावर चार माणसांनी उभं राहायची सोय नाही." तर मला म्हणाले, "पार्किंगचा प्रॉब्लेम सगळीकडेच असतो." असल्या माणसाशी काय वाद घालायचा? इथल्या मराठी मंडळात एकदा मी बेलारूसबद्दल दहा मिनिटं मागितली, तर अध्यक्षबाई "इथे राजकारण नको हं" म्हणाल्या आणि अळूवड्यांच्या ऑर्डरवर पाऊण तास चर्चा झाली. त्या चर्चेतही काका अध्यक्षबाईंच्या बाजूने होते.

यंदाच्या हिवाळ्यात आलेसियाचा पासपोर्ट संपला. लॉटरीत लागलेलं ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे इथे राहायला कुणाची ना नव्हती. पण बाहेर पाऊल टाकता येईना. आणि दर उन्हाळ्यात ती पोलंडला जायची, सरहद्दीजवळच्या एका गावात. पलीकडून तिची आई बसने यायची, वाळवलेल्या अळिंब्यांची पिशवी घेऊन. चार दिवस एका खोलीत राहायच्या दोघी. वर्षाकाठी आई मिळायची ती एवढीच. नागरिकत्वाला अजून अवकाश होता, आणि आईचे दुखरे गुडघे तोवर थांबायला तयार नव्हते.

"अगं, मग रडतेस काय?" काका खुर्चीवर आडवे पडूनच म्हणाले. "तिकीट काढ, आठ दिवसांत नवा घेऊन ये. क्लार्कसाठी इथली चॉकलेटं ने."

आलेसियाने आकडा बाजूला ठेवला. दोन हजार वीसच्या निवडणुकीनंतर ती पांढरा ड्रेस घालून, हातात फुलं घेऊन, मतमोजणीतल्या लबाडीचा निषेध करणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी राहिली होती. कुणीतरी फोटो काढला. "माझ्या शेजारी उभी होती ती मैत्रीण तुरुंगात जाऊन आली, काका. तिच्याही हातात फुलंच होती."

"फोटोत कान दिसत होते का?" काकांनी विचारलं. देवाशपथ विचारलं. मी तिथेच माझी दाढ दाखवायला बसले होते, म्हणून साक्षीदार आहे.

पण काकांना चैन पडेना. पुढच्याच सोमवारी त्यांनी आम्हा दोघींना स्वयंपाकघरात बोलावलं, काकूंनी पोहे पुढे ठेवले आणि काकांनी फोन स्पीकरवर टाकून थेट बेलारूसच्या वकिलातीला लावला. मधाळ आवाज. हवापाणी, सणासुदीच्या शुभेच्छा. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की नूतनीकरण मायदेशीच होतं. काकांनी आम्हाला डोळा मारला. त्यांचा खेळ इथूनच तर सुरू होतो. "साहेब, काहीतरी मार्ग असेलच की."

मग पलीकडून आवाज आला, "नागरिकाचं पूर्ण नाव काय?"

काकांचा चेहरा उजळला. नाव विचारलं म्हणजे अर्धं काम झालं, हे त्यांचं सर्वांत आवडतं वचन. त्यांनी घसा साफ केला आणि जे ते तीस वर्षं करत आलेत ते सुरू केलं, "लिहून घ्या. ए फॉर ॲपल, एल फॉर लंडन, ई फॉर—"

आलेसियाने झडप घालून फोन बंद केला. पोह्यांची बशी खाली पडली.

"काका, तुमच्याकडे नाव विचारतात ते फाईल शोधायला," ती म्हणाली. "आमच्याकडे विचारतात ते फाईल उघडायला. माझी आई अजून तिकडेच राहते, तिला पोलंडच्या बसमधून उतरवायला त्यांना माझं नाव पुरे."

काका त्या बंद फोनकडे बघत राहिले. खिडकीमागे बसलेल्या माणसाला आपला कागद नकोच असू शकतो, आपणच हवे असू शकतो, ही गोष्ट तीस वर्षांत त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. माझ्या दीडशे पत्रकांना जे जमलं नाही ते तीन अक्षरांनी केलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काकू खाली वाकून पोहे गोळा करत होत्या आणि काका त्यांना मदत करायला वाकले, हेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या वेळी दवाखान्यात आलेसियाला त्यांना सांगावं लागलं, "काका, तोंड उघडा ना."

अर्थात काका ते काकाच. महिन्याभरात त्यांनी एक वाट हुडकून काढली: इथलंच सरकार ग्रीन कार्डवाल्यांना प्रवासासाठी एक कागद देतं, पासपोर्टसारखा. तीन प्रतींत अर्ज गेला. उत्तराला वर्ष लागेल, जास्तही लागेल, आणि पोलंड तो मानेल की नाही याची हमी नाही. उन्हाळा आला तसा गेला. बस आली असेल, आई तिच्यात नव्हती. हल्ली रविवारी काका आलेसियाच्या आईशी व्हिडिओवर बोलतात. त्यांना तिची भाषा येत नाही, तिला यांची. ती बटाट्याचे घावन दाखवते, हे काकूंचा बटाट्याचा कीस दाखवतात. मध्येच काका खूप वेळ तिचा चेहरा बघत बसतात. परवा मी त्यांना विचारलं, कान दिसतात का? "गप्प बस," म्हणाले. "म्हातारी झाली गं ती."

आमच्या भागाच्या खासदाराला द्यायचं पत्र मी लिहिलंय: बेलारूसच्या ज्या माणसांना त्यांच्या देशाने पासपोर्ट नाकारलाय, त्यांचे प्रवासाचे अर्ज आधी हाती घ्या. काकांनी माझी सगळी उद्गारचिन्हं खोडली. आलेसियाच्या आईबद्दलच्या वाक्यानंतरचं एक मात्र राहू दिलं.

तेव्हा तुम्ही, हो तुम्हीच, ज्यांचा पासपोर्ट कपाटात सुखरूप झोपलाय, येत्या गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात या. राजकारण नको असेल तर नका करू; सही करा. दाराशीच टेबल टाकून काका बसले असतील, पेन तेच देतील. काळ्या शाईने, पूर्ण नाव. इथे ते लिहिता येतं, म्हणून लिहा.