डोंगरावरची दोरी

भूकंपाचा मोठा धक्का बसला, त्या आठवड्यात गावातला एक गडी आमच्या परसातला ढासळलेला दगडी गडगा रचायला आला. आमचं घर हातखंब्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. घराला साधी चीरही गेली नव्हती, म्हणून आम्ही देवाला नारळ देऊन मोकळे झालो होतो.

प्रसादाचं खोबरं चावत तो आईला म्हणाला, "देवान घर राखलान, वयनी. पण डोंगर आतून ढिला झालाय. त्यो आता पावसात उसवल."

मग गडगा राहिला बाजूला, तो डोंगरावर चढला. वर पडलेल्या भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकून त्यानं नायलॉनची दोरी ताणून बांधली. गडगा झाला, तरी जाता-येता वर जायचा, दोरी छेडायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि खूश होऊन बैलाला थोपटावं तसा डोंगराला थोपटायचा. मला तो चक्क वेडा वाटायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी दोरीचा आवाज चढला. भेग रुंदावली होती. त्यानं आरडाओरडा करून आम्हाला गुरांसकट शेजारी हलवलं. दुपारी दरड आली आणि रिकामा गोठा घेऊन गेली.

"गोठाच ना? बांधू!" म्हणत तो हसला आणि आणखी वर पडलेल्या नव्या भेगेवर दोरी बांधून आला.

पुढचे तीन पावसाळे दोरी एकाच सुरात वाजली. मग एक दिवस तो ती सोडून खाली घेऊन आला.

"वयनी, आता हिच्यावर कापडं वाळत घाला."

आईनं त्याच दिवशी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या.